सांगणाऱ्याचाच फोन जातो

नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत नववीच्या वर्गात कवितावाचन चालू होते. बोलताना अडखळणारा एक मुलगा एका शब्दावर दहा-बारा सेकंद अडकला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते रेकॉर्ड केले. शाळेत फोन आणायला बंदी होती, हे निराळे सांगायला नको. रात्री त्या तुकड्यावर ढोलकीचा ठेका चढला, सकाळी तो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि आठवडाभरात क्लासला येणाऱ्या दुसऱ्या शाळांच्या मुलांपर्यंत पोचला. पुढे त्या मुलाच्या चेहऱ्याचे स्टिकर निघाले आणि ग्रुपवर कुणी उत्तर द्यायला उशीर केला की तेच स्टिकर टाकण्याची पद्धत पडली. कुठे शिवी नव्हती की धमकी नव्हती. सगळे हसत होते, इतकेच. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, घटनेचा गाभा बदललेला नाही.)

दोन महिने तो गप्प राहिला. शेवटी मावशीजवळ बोलला, मावशीने आईला सांगितले, आईने वडिलांना. अंबडच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेल्या वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि फोन काढून कपाटात ठेवला. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही; मुलाला ते दिसूच नये, एवढेच त्यांना हवे होते. पण हा मुलगा रोज रात्री तासभर बुद्धिबळ खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर असे. तिथे त्याच्याशी बोलणाऱ्या एकालाही तो अडखळतो हे माहीत नव्हते, कारण टाइप करताना जीभ अडत नाही. ज्या एका जागी त्याला आपले म्हणणे विनासायास मांडता येत होते, ती जागा त्याच दिवशी गेली. वर्गाचा ग्रुप मात्र चालूच राहिला. आता त्यात आपल्याबद्दल काय चालले आहे हे त्याला कळत नव्हते, आणि न कळणे हे कळण्यापेक्षा वाईट होते, असे त्याने मला पुढे सांगितले.

अठ्ठावीस वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आणि अलीकडे शाळाशाळांत पालकांच्या बैठकांना मला बोलावले जाते. तिथे बहुतेक वेळ पडद्यासमोर किती तास बसावे, कोणते अ‍ॅप वाईट, पासवर्ड कसा असावा यात जातो. हे विषय निरर्थक नाहीत. पण छळ झालेले मूल तो छळ मोठ्या माणसांना का सांगत नाही, हा प्रश्न त्यात येत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. मूल सांगत नाही, कारण सांगितल्यावर पहिली किंमत त्यालाच मोजावी लागते. फोन त्याचा जातो, बाहेर जाणे त्याचे बंद होते, आणि 'तू कशाला गेलास त्या ग्रुपवर' हे त्यालाच ऐकावे लागते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार मुले एकमेकांकडे बघून फार लवकर शिकतात. एकाचा फोन गेला की वर्गातल्या दहा जणांची तोंडे मिटतात.

भाषेचाही यात थोडा वाटा आहे. 'सायबर बुलिंग'ला मराठीत अजून नीट रुळलेला शब्द नाही. 'चिडवणे' हा शब्द इतका हलका आहे की तो ऐकताच मोठी माणसे आपल्या शाळेतल्या गमती सांगू लागतात, तर 'छळ' म्हटले की सासुरवास नाही तर तुरुंग डोळ्यांसमोर येतो. मधली जागा रिकामी असल्यामुळे मुलाची तक्रार एक तर हसण्यावारी जाते किंवा घरात आकाश कोसळते. यातले काहीच त्याच्या उपयोगाचे नसते.

शाळेतल्या दांडगाईचा शास्त्रशुद्ध अभ्यास १९७० च्या दशकात स्कॅन्डिनेव्हियात डॅन ओल्वेअस यांनी सुरू केला. त्यांनी तिची तीन लक्षणे मांडली: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातला फरक. फोनवर ही लक्षणे राहतात, पण त्यांचे रूप बदलते. पुनरावृत्तीसाठी छळणाऱ्याला पुन्हा हात उचलावा लागत नाही; त्याने एकदा टाकलेली क्लिप पुढे दोनशे जण पाठवतात आणि त्या प्रत्येकाला आपण काही केलेच नाही असे वाटते. बळातला फरकही आता दंडाच्या जोरावर ठरत नाही. कुणाच्या बाजूने किती जण हसतात, यावर तो ठरतो. जो वर्गात आधीच एकटा आहे, त्याच्या बाजूने तिथेही कुणी उभे राहत नाही. वर्गात छळ सोसणारी आणि फोनवर छळ सोसणारी मुले बऱ्याच प्रमाणात तीच असतात, असे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. म्हणून फोनवरचा छळ ही इंटरनेटची देणगी आहे, असे मानून वर्गाकडे पाठ फिरवणाऱ्या शाळेने आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेल्यासारखे होते.

अशी मुले आपल्या शहरात कोण आहेत, याचा विचार करताना गंगापूर रोड, कॉलेज रोडवरचे स्वतंत्र खोलीतले, स्वतःचा फोन असलेले मूल आपल्या डोळ्यांपुढे येते आणि सल्लेही त्यालाच धरून दिले जातात. पण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडून अकरावीसाठी नाशिकला येऊन वसतिगृहात राहणारी मुलगी घ्या. घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या या मुलीने वर्गाच्या ग्रुपवर केलेला पहिला मेसेज तिच्या शुद्धलेखनासकट स्क्रीनशॉट होऊन फिरतो. तिचे आईवडील दूर गावी आहेत, वसतिगृहात फोनच्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि कुणाशी बोलायचे ते त्या वेळातच, चार मुलींच्या देखत. किंवा सातपूरमधल्या एका खोलीत राहणारे, बिहार नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराचे मूल घ्या. त्याच्या मराठीची नक्कल करणारे व्हिडिओ त्याच्या वडिलांच्याच फोनवर येतात, कारण घरात फोन एकच आहे. आपली थट्टा बापाने बघू नये म्हणून ते मूल रोज फोन हातात येताच आधी सगळे पुसून टाकते. त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. बालगृहात वाढलेली, आईवडील वेगळे झालेली, डोळ्यांनी किंवा कानांनी अधू असलेली, मुलगा असून मुलीसारखी चालते म्हणून हिणवली जाणारी मुले या यादीत पुढे घालता येतील. त्यांच्यातले समान सूत्र एवढेच की चिडवणाऱ्याला त्यांच्याबाबत नवे काही शोधावे लागत नाही. समाजाने आधीच बोट ठेवलेल्या जागेवरच तो बोट ठेवतो.

या मुलांना 'पॅरेंटल कंट्रोल लावा' हा सल्ला देण्यात एक गृहीत दडलेले असते: घरात मुलापेक्षा फोन जास्त कळणारा कुणीतरी मोठा माणूस आहे. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी साधारण ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासाच्या कामासाठी वापरणारी ५७ टक्के होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे सुमारे ६२ टक्क्यांना माहीत होते. म्हणजे वापरणाऱ्या दर दहा मुलांमागे जवळजवळ चार मुलांना दाराला कडी कुठे आहे हेच ठाऊक नाही, आणि ती दाखवू शकेल असे घरी बहुधा कुणी नाही. हे काम शाळेलाच करावे लागेल. अर्ध्या तासाचे आहे. वर्गात एक फोन पुढे धरून तेवढे करून दाखवले तरी पुरे. सायबर सुरक्षेवरच्या दोन तासांच्या भाषणापेक्षा ते उपयोगी पडेल, असा माझा अनुभव आहे.

मग मुलांना यातून बाहेरच का ठेवू नये, असे पालक विचारतात, आणि हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे, आणि जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली आहे. त्यातला हा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. इन्स्टाग्रामवर खाते उघडायला तेरा वर्षांची अट आहे हे सगळ्यांना माहीत असताना सहावीतली मुले जन्मसाल बदलून तिथे राजरोस वावरतात आणि कंपनीला ते दिसत नाही, यावर कुणी विश्वास ठेवावा? आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. पण ज्या घरात आईचे खाते मुलगीच उघडून देते, तिथे संमती कोण कुणाला देणार, हा प्रश्न उरतो.

बंदीबद्दलची माझी अडचण वेगळी आहे. बंदी असलेल्या जागी झालेला छळ सांगायचा म्हणजे आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. वर उल्लेख केलेल्या शाळेत हेच झाले. क्लिप वर्गात रेकॉर्ड झाली होती, पण वर्गात फोन आणलेलाच नाही अशी सगळ्यांची भूमिका असल्यामुळे ती ज्यांनी पाहिली त्यांपैकी एकही मूल बोलायला तयार नव्हते. शिवाय बंदीने बुद्धिबळाचा ग्रुपही जातो. सुदृढ, बोलक्या, मित्रांच्या गराड्यातल्या मुलाला फोन काढून घेतल्याने फारसे बिघडत नाही. त्याला मैदान आहे, गल्ली आहे. एकाकी मुलाची जखम आणि आधाराची काठी एकाच ठिकाणी असतात. काठी काढून घेण्यापूर्वी दुसरी दिली आहे का, हे कुणी विचारत नाही.

कायद्याकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात सायबर बुलिंग या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ते फार ढोबळ होते आणि रद्द झाले हे योग्यच झाले, पण 'आक्षेपार्ह मेसेजसाठी कलम आहे ना' असे सांगणारे आजही भेटतात. आज जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे, खासगी अंगांची छायाचित्रे त्याच्या संमतीवाचून पसरवणे यांसाठी त्याच कायद्यातली ६६-क आणि ६६-ई ही कलमे आहेत. ऑनलाइन पाठलाग आणि धमकी यांची दखल १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि मुलाचे खोटे तयार केलेले चित्र पसरवण्याची धमकीही त्यात येते. चेहरे चिकटवून देणारी अ‍ॅप हाताशी आल्यापासून ही तरतूद फार महत्त्वाची झाली आहे. अपंग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार शिक्षापात्र आहे, हे मात्र मला भेटलेल्या मुख्याध्यापकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० आहे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे साल म्हणून नाशिककरांना हा आकडा वेगळा पाठ करावा लागू नये. तो मुख्यतः आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींसाठी ओळखला जातो. मुलांच्या छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते, आणि स्त्रिया व मुलांबाबतच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८ आणि मन फार खचले असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हे क्रमांक दिवसरात्र चालू असतात. शरीराची उघडी किंवा खोटी तयार केलेली चित्रे काढून टाकण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना मुळात चोवीस तासांची मुदत घालून दिली होती, तेव्हा अशा वेळी पहिला रिपोर्ट त्या अ‍ॅपवरच, आणि तोही स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, वेळ जपून ठेवून करायचा. एक अपवाद ध्यानात ठेवला पाहिजे: मुलाचे नग्न चित्र पुरावा म्हणूनसुद्धा स्वतःच्या फोनवर घेऊन कुणाकुणाला दाखवत फिरू नये. शिक्षकांकडून सद्हेतूने हीच चूक होते.

पण अडखळणाऱ्या मुलाच्या क्लिपसाठी यातले कुठले कलम? शाळा म्हणाली, ग्रुप मुलांचा खासगी आहे, प्रकार शाळेबाहेरचा आहे. चौकीवर वडिलांना सांगण्यात आले की पोरांचे भांडण आहे, शाळेत मिटवा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी अवस्था. मला स्वतःला तेव्हा राग आला होता. आता विचार केल्यावर वाटते की पोलिसांचे अगदीच चुकले नाही. क्लिप बनवणाराही चौदा वर्षांचाच होता. बाल न्याय कायद्याचा रोख सुधारण्यावर आहे, आणि त्या मुलाला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवून अडखळणाऱ्या मुलाची शाळेतली उरलेली वर्षे सोपी झाली नसती. जिथे कायद्याची कक्षा अंधूक होते तिथे शाळेची जबाबदारी सुरू होते, आणि ती शाळेने टाळली, हे मला अधिक गंभीर वाटते.

शाळेने काय करायला हवे होते? मुलाला आणि क्लिप बनवणाऱ्याला समोरासमोर बसवून 'हात मिळवा' म्हणायला लावणे, हे नक्कीच नाही. मिटवण्याची ही पद्धत आपल्याकडे फार लाडकी आहे. बळ सारखे असलेल्या दोघांच्या भांडणात ती चालते. छळात तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार होतो, कारण माफी स्वीकारली नाही तर दोष पुन्हा सोसणाऱ्याकडेच जातो. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावणे त्याहून वाईट. ज्यांनी क्लिप पाहिली नव्हती तेही त्या दिवशी शोधून पाहतात. दोन्ही मुलांशी वेगवेगळे बोलावे लागते. दोन्ही घरांशी वेगवेगळे बोलावे लागते. क्लिप कुणाकुणाच्या फोनवर आहे याचा माग काढून ती पुसायला लावणे हे कंटाळवाणे काम कुणीतरी आठवडाभर नेटाने करावे लागते. आणि महिन्याभराने मुलाला एकट्याला गाठून पुन्हा विचारावे लागते, कारण छळ थांबला असे मोठ्यांना वाटते तेव्हा अनेकदा तो दुसऱ्या ग्रुपवर गेलेला असतो.

यासाठी प्रत्येक शाळेत एका माणसाचे नाव ठरलेले असावे, असे माझे म्हणणे आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटी असते. पण समितीकडे मूल जात नाही, माणसाकडे जाते, आणि जिन्याखालच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकताना सगळी शाळा बघते. तो माणूस शिक्षकच असला पाहिजे असे नाही. मी एका शाळेत मुलांना विचारले होते की काही झाले तर कुणाला सांगाल, तेव्हा सर्वांत जास्त वेळा ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताईंचे नाव आले, कारण त्या गुण देत नाहीत. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहांसाठी, मुलांची बोली येणारा असा एक माणूस नेमण्याची सुरुवात इथून होणे अवघड नसावे. त्या माणसाने मुलाला पहिल्याच वाक्यात एक शब्द द्यायचा: तू सांगितलेस म्हणून तुझा फोन जाणार नाही. दुसरा एक शब्द मात्र त्याने कधीच देऊ नये, की हे कुणालाही सांगणार नाही. लैंगिक गुन्ह्याची शंका आली तरी पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. तेव्हा 'तुझ्या भल्यासाठी एखाद्या माणसाला सांगावे लागले, तर कुणाला आणि का ते आधी तुला सांगेन' एवढेच म्हणता येते. पोलीस आलेच तर त्या कायद्यात ते गणवेशात नसावेत, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी येऊन जबाब घ्यावा, अशी तरतूद आहे, हेही मुलाला सांगावे. त्याची अर्धी भीती त्याने जाते.

बापांनीही, आणि मी मुद्दाम बाप म्हणते, तोच शब्द द्यायला हवा. फोनच्या वेळा ठरवाव्यात, रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवावा, हे सगळे ठीक आहे. पण ते नियम शांतपणाच्या दिवसांत ठरवायचे असतात. मूल रडत सांगत असते त्या दिवशी केलेला नियम ही शिक्षाच असते, तिला नाव काहीही द्या.

त्या मुलाचा फोन सहा आठवड्यांनी परत मिळाला, तोही मावशीने वडिलांशी दोनदा भांडून. दरम्यान वर्गातल्या एका मुलीने ग्रुपवर 'हे स्टिकर आता बास करा' एवढेच लिहिले होते, आणि तिच्यामागे आणखी तिघांनी. त्यानंतर ते हळूहळू कमी झाले. तिला असे लिहायला कुणी सांगितले नव्हते, आणि तिने लिहिले हे शाळेला अजूनही माहीत नाही. मुलगा वर्गाच्या ग्रुपवर परत गेलेला नाही, बुद्धिबळाच्या ग्रुपवर गेला आहे. क्लिप मात्र क्लासच्या मुलांच्या फोनवर कुठेतरी असेल, असे तो म्हणतो, आणि ती नाही असे त्याला खात्रीने सांगता येईल असे काम अजून कुणी केलेले नाही.